भागोजीचे खांदे

माणगावजवळच्या भागोजीच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. ती आणखी कुठे पसरली नसेल तरच ऑपरेशन होणार होतं, म्हणून कॅन्सर असेल तिथे उजळून दाखवणारा पेट स्कॅन ठरला. आदल्या दिवशी अंगमेहनत करू नका, राबलेले स्नायूही त्यात उजळतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेजाऱ्याचं भात झोडणं ही भागोजीच्या लेखी मेहनत नव्हती, शेजारधर्म होता. तरी बायकोला, आवडाबाईला, त्याने देवळात बसायला जातो असंच सांगितलं.

स्कॅनमध्ये दोन्ही खांदे लख्ख उजळले.

"बाबा, काल काय काम केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाय. देवळात बसलो व्हतो."

"मग हे काळजीचं आहे."

भागोजीने नुसती मान डोलावली. बायकोपुढे खोटं उघडं पडण्यापेक्षा कॅन्सर पसरलेला त्याला परवडत असावा.

"अवो डाक्टर," आवडाबाई म्हणाली, "देवळात बसून खांदं धरतात व्हय? सांजच्याला तेल मीच चोळलं. ह्यो झोडणीला गेलता."

डॉक्टरांचा चेहरा जरा सैलावला. "मग खांदे मेहनतीचे असतील. आठवड्याने पुन्हा बघू. आदल्या दिवशी ह्यांना घरात बसवा."

फुप्फुसातल्या ठिपक्यासाठी मात्र असं कोणतंच काम सांगता येईना. आवडाबाईने बराच वेळ आठवून पाहिलं.