तिसऱ्या वळणावरचा नट

आपटा गावचे नियाज मुकादम अकरा वर्षं एका रोलर कोस्टरची देखभाल करत होते आणि या अकरा वर्षांत त्यात एकदाही बसले नव्हते. कोणी कारण विचारलं तर म्हणायचे, "मला त्याचा नट न् नट माहीत आहे. कसा बसू?"

पळस्प्याजवळच्या एका मॉलच्या तळमजल्यावर, भिंतींना काळा रंग दिलेल्या हॉलमध्ये हे कोस्टर आहे. परदेशातल्या कुठल्याशा पार्कात वापरून झाल्यावर इथे आणलेलं. चार डब्यांची गाडी साखळीवरून छतापर्यंत चढते, दिवे जातात आणि पुढे सव्वा मिनिट माणसं अंधारात किंचाळतात.

नियाजभाई पूर्वी अठरा वर्षं कुवेतला फिटर होते. तिथली एक सवय त्यांनी सोडली नव्हती. नट आवळला की त्याच्यावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढायची. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मॉल उघडण्याआधी ते शिडी आणि टॉर्च घेऊन शेकडो रेघा बघत फिरायचे.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर तिसऱ्या वळणावरच्या एका नटाची रेघ तुटलेली सापडली. त्यांनी नट आवळला, नवी रेघ ओढली. तीन दिवसांनी पुन्हा तेच. नट बदलला, बोल्ट बदलला. चौथ्या दिवशी परत तेच.

एवढ्या नटांत हाच का? त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

मॅनेजर केतन नवा होता. त्याला त्या जागी ट्रॅम्पोलिन हवं होतं. "हे धूड कधी हलणार इथून?" असं तो दोनदा सगळ्यांसमोर म्हणाला होता. नियाजभाईंची खात्री पटत चालली की कोस्टर बदनाम व्हावं म्हणून कोणीतरी मुद्दाम नट सैल करतंय. घरी जेवतानाही ते तोच विषय काढायचे. बायको शहाबानो म्हणाली, "तुमचा हा शक मीठ आहे का, प्रत्येक घासाला लागतो?"

शेवटी त्यांनी रुळाखाली जायच्या दाराच्या कडीला दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोरा तुटलेला होता. पुढच्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते खांबाआड उभे राहिले. दार उघडलं, टॉर्च पेटला आणि आत आली सुमती.

सुमती पाटील विचुंब्याची. सहा वर्षं कोस्टर चालवायची. रोज सकाळी चाचणीच्या फेरीला रिकाम्या गाडीत एकटी बसायची तीही तीच. ती थेट तिसऱ्या वळणाखाली गेली, वर बघत उभी राहिली आणि निघून गेली. नियाजभाईंना धक्काच बसला. केतनचं माणूस ही? त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलेनात, तिने दिलेला चहाही घेईनात.

मग गुरुवार आला. त्या सकाळी नटावरची रेघ अगदी सरळ, अखंड होती. ते पुढे सरकणार तेवढ्यात थबकले. पिवळा रंग जरा जास्तच ताजा होता, रेघही जाड. त्यांनी पाना लावला. नट सहज फिरला. नट आवळून ते शिडीवरून उतरले आणि सरळ तिच्या केबिनपाशी गेले.

"माझ्या नटावर रेघ तू ओढलीस?"

"हो," सुमती लगेच म्हणाली. "केतनसरांनी रंगाचा डबा दिला. तपासणीवाले येनार हायत, पुसट रेघा चांगल्या कर म्हनले. काल तिसऱ्या वलनावरच्या सगल्या केल्या. का, काय झालं?"

"आणि दुपारी चोरून आत काय करत होतीस?"

ती म्हणाली, "तुमच्यावर नजर ठेवत होती. राग मानू नका, नियाजभाई. मागच्या डब्यात बसलं की तिथं 'टक' असा आवाज येतो. महिना झाला. मना वाटलं, तुमचं वय झालं, आवलायला इसरता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी माज्याशी बोलता कुठं?"

खालून नियाजभाईंना साखळीच्या खडखडाटात असला आवाज कधीच ऐकू आला नव्हता. "मला बसव," ते म्हणाले. "तू नको."

"मी रोज बसते. जागा मीच दाखवीन."

दुसऱ्या ऑपरेटरने बटण दाबलं. मांडीवरचा दांडा खाली आला. चढताना त्यांनी स्वतः लावलेल्या ग्रीसचा वास नाकात गेला. छताखालचे पाईप डोक्याला लागतील असं वाटून त्यांनी मान आत ओढली. दिवे गेले. पोट जागेवर राहिलं आणि बाकीचे ते खाली कोसळले. पहिलं वळण, दुसरं. खांदा सुमतीवर आदळला. अंधारात तिचं कोपर त्यांना टोचलं. "आता!"

टक.

हा ठोका त्यांना थेट माकडहाडात जाणवला. पण तो नटाजवळ नव्हता. वळण सुरू होण्याच्याही आधी होता.

गाडीतून उतरल्यावर ते लगेच शिडी घेऊन आधीच्या खांबापाशी गेले. तिथला रंग खरवडला, जोडावर तडे शोधायची लाल डाय लावली, थांबून पुसून काढली आणि वर पांढरी पावडर फवारली. थोड्या वेळाने पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटू लागली. दीड बोट लांब. वेल्डिंगला तडा गेला होता. दर फेरीला रूळ तिथे हलायचा आणि पुढचा नट सैल व्हायचा. हात कोणाचाच नव्हता.

बारा वाजता शाळेची सहल यायची होती. केतन धावत आला. "वरवरचा असेल तडा. आजचा दिवस चालवू."

नियाजभाईंनी मेन स्विच पाडून स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"किल्ली द्या."

"नाही देणार."

"नोकरी नकोय का?"

"ती घ्या. किल्ली मिळणार नाही."

सुमतीने 'बंद आहे' ची पाटी दाराबाहेर नेऊन उभी केली आणि तिथेच थांबली. मुलं आली, हिरमुसली, बाईंनी त्यांना बम्पर कारकडे नेलं.

तपासणीत आणखी दोन जोडांना तडे सापडले. कोस्टर सात आठवडे बंद राहिलं. नियाजभाईंची नोकरी गेली नाही. तपासणी अहवालात त्यांचं नाव आल्यावर ती घालवणं कोणाला सोयीचं नव्हतं. केतन दोन महिन्यांनी दुसरीकडे गेला. तो जाण्याआधी नियाजभाईंनी त्याला विचारलं होतं, रेघा रंगवायला का लावल्या? "नीटनेटकं दिसावं म्हणून," तो म्हणाला. ते खरं असेलही. नियाजभाईंना अजून ठरवता आलेलं नाही.

सुमतीची मात्र त्यांनी माफी मागितली. तिनेही मागितली. आता नट दोघंही तपासतात. ते डावीकडून सुरुवात करतात, ती उजवीकडून. शेवटी चहाला बसून आपापले कागद एकमेकांसमोर ठेवतात आणि दोघंही समोरच्याचा कागद जरा जास्तच बारकाईने वाचतात.