साडेआठचं विमान

ताईचं बाळंतपण लंडनला होतं, म्हणून आई एकटी निघाली. तिचा हा पहिलाच विमानप्रवास. मराठी सोडून दुसरी भाषा तिला येत नव्हती. मी तेव्हा नेरूळला कॉलेजात होतो. मुंबई ते लंडन सात हजारांवर किलोमीटर, दुबईपर्यंत तीन तास, तिथे विमान बदलायचं, पुढे सात तास, असं सगळं मी मोठ्या अक्षरांत तिला लिहून दिलं. खाली आमचा फोन नंबर.

पहाटे सहाला तिचं विमान सुटलं. माझ्या हिशेबाने आपल्या घड्याळात संध्याकाळी पाचला ती लंडनला पोचणार होती.

साडेसहाला ताईचा फोन आला. "सगळे बाहेर आले रे. आई नाहीये. इथले म्हणतात, ती या विमानात बसलीच नव्हती."

बाबा नुकतेच मार्केटातून माथाडीकाम करून आले होते. त्यांना सांगितलं.
"तू समदं लिवून दिलं हुतंस न्हवं?"
"दिलं होतं."
"मग?"

मग मी चिठ्ठी आठवू लागलो. 'पुढचं विमान साडेआठ.' ती वेळ तिकिटावरची, म्हणजे दुबईची. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, हे मला ठाऊक होतं. आईला सांगायचं राहून गेलं होतं. ती उतरली तेव्हा तिच्या मनगटावर नऊ वाजले असणार. विमान गेलं, असंच तिला वाटलं असणार. खरं तर अजून तासभर होता.

बाबांना हे सांगायला माझं तोंड उघडेना. विमान कंपनीचा नंबर फिरवत राहिलो. तो लागत नव्हता. आपला फोन अडकलेला असताना आईचा आला तर, या भीतीने पुन्हा ठेवत होतो. बाबा देवापुढे बसले होते, पण त्यांचं लक्ष फोनकडेच होतं.

आठच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे अनोळखी माणूस.
"मी दुबईच्या एअरपोर्टवर साफसफाईला हाय. मूळचा म्हसळ्याचा. तुमची आई सकाळपासून एकाच खुर्चीवर बसून रडत हाय. पदर बघून मी मराठीत विचारलं, तवा बोलली. घाबरू नका, रातच्या विमानात बसवतायत."

मग आई फोनवर आली. आवाज ओळखू येत नव्हता.
"माझ्यामुळं विमान चुकलं रे. बाबांना सांगू नको."

दुसऱ्या दिवशी ती ताईकडे पोचली. तीन महिन्यांनी परतल्यावर मी तिला घड्याळाची चूक सांगितली. ती म्हणाली, "जागा सोडली तर कुणाला सापडणार नाही, असं वाटायचं. दिवसभर पाणी प्यायलासुद्धा उठले नाही मी."