उन्हानं वर चढणारं पाणी

लग्नानंतर मी नरडाण्याजवळच्या एका खेड्यात राहायला आले. गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. माहेर जळगावचं, पदवी पदार्थविज्ञानाची, आणि त्या पदवीचा नव्या घरात काय उपयोग होणार हे मला किंवा कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. नवरा शेजारच्या गावात हायस्कूलला इतिहास शिकवायचा. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले.

सकाळी उठून आंघोळीचं पाणी तापवायचं काम अक्कांचं. अंगणातल्या चुलीवर मोठा हंडा आणि खाली पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं. वाळलेल्या पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, त्यामुळे चुलीसमोरून हलता येत नाही. हिवाळ्यात तो धूर अंगणातच साचून राहायचा. अक्का खोकत खोकत पऱ्हाट्या सारत बसायच्या. मी काम मागितलं की म्हणायच्या, "तुले नही जमाव." जमत नव्हतं हे खरंच होतं. माझ्या हातून चूल दोनदा तरी विझायचीच.

एका दुपारी मी दोडक्याच्या वेलाला पाणी द्यायला गेले. परसात काळी रबरी नळी सकाळपासून उन्हात पडलेली होती. तोटी सोडली आणि नळीतून आलेल्या पहिल्या पाण्यानं हात पोळला. मी अक्कांना हाक मारली. त्यांनी बोट लावून पाहिलं, नळीवरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं.

"हाई पानी कोनी तपाडं?"

"उन्हानं."

"ऊन तं रोजच ऱ्हास," त्या म्हणाल्या, आणि वेलाला पाणी द्यायचं राहू देऊन नळीपाशीच बसल्या.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी स्वतः नळी भरून, दोन्ही तोंडं बांधून उन्हात ठेवली आणि शेजारी पाण्यानं भरलेला पितळी तांब्याही ठेवला. संध्याकाळी तांब्यातलं पाणी नुसतं कोमट झालं होतं, नळीतलं मात्र चटका देणारं. काळ्या रंगामुळे असं होतं, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचा पुढचा प्रश्न मला आजही आठवतो. "मंग नळीमधलं पानी हंडामा कसं न्यानं? माणूसशिवाय?"

कॉलेजात शिकलेलं एक वाक्य मला आठवलं. तापलेलं पाणी हलकं होतं आणि वर जातं. परीक्षेत ते मी कितीदा तरी लिहिलं होतं, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खाली काळे नळ, वर पिंप, दोघांना जोडणाऱ्या दोन नळ्या. पाणी तापलं की आपोआप पिंपात चढेल, थंड पाणी खाली उतरेल. रात्री जेवताना मी हे सांगितलं तेव्हा नवरा हसला. "ढकलल्याशिवाय पाणी वर जात असतं तर विहिरीवर मोटर कशाला बसवली असती?" मात्र आठवड्यानं शाळेत फळे रंगवून उरलेला काळा रंग त्यानंच हेडमास्तरांना विचारून आणला.

भंगार आणायला अक्का आणि मी एसटीनं धुळ्याला गेलो. बाजाराच्या मागच्या बाजूला भंगारवाल्यांची ओळ होती. मोडलेल्या हातपंपांचे नळ, पत्रे, पलंगांचे सांगाडे, सायकलींची रिमं. अक्का प्रत्येक नळाला डोळा लावून आरपार दिसतंय का ते बघत होत्या. आत गंज धरलेला असला की बाजूला टाकायच्या. नळांवर झाकायला मला साधी काच मिळत होती, पण तिच्या कडा बघून अक्का थांबल्या. कोपऱ्यात मोडीत निघालेल्या बसच्या खिडक्या होत्या. ही काच फुटली तर बारीक दाणे होतात, सुऱ्यासारखी पाती निघत नाहीत, असं भंगारवाला म्हणाला. ती आम्ही घेतली.

पिंपाचा मात्र प्रश्न आला. गावातल्या एका शेजाऱ्यानं आपलं पिंप फुकट द्यायची तयारी दाखवली. कपाशीवर फवारायच्या औषधाचं ते रिकामं पिंप, दिसायला नवं कोरं. मी म्हटलं, सोड्यानं धुऊन घेऊ. अक्कांनी मला पुढे बोलू दिलं नाही.

"तसाच पिपनं पानी पिसन मन्ही वासरी मरनी. धोईधाईसन पाजेल व्हतं."

शेवटी तेलगिरणीतून शेंगदाणा तेलाचं पिंप आणलं. सोडा आणि गरम पाणी घालून ते इतकं घासलं की हाताची सालं निघाली. तोट्या बसवायला नरडाण्याच्या वेल्डरकडे नेलं तेव्हा त्यानं आधी ते जोडाच्या जागेपर्यंत पाण्यानं भरलं. आत तेलाची वाफ उरली असेल तर ठिणगीनं पिंप फुटू शकतं, म्हणाला. आम्हाला त्यानं लांब उभं केलं आणि काळी काच डोळ्यांवर धरायला दिली. अक्कांनी त्या काचेतून वेल्डिंग कमी आणि सूर्य जास्त बघितला.

पिंप घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर ठेवायचं असं माझ्या मनात होतं. अक्का म्हणाल्या, भरलेलं पिंप म्हणजे दोन पोती धान्य, मातीचं धाबं एका पावसात खाली येईल. म्हणून अंगणात दगडांचा उंच चौथरा रचला आणि पिंप त्यावर बसवलं. जुन्या दाराच्या फळ्यांची पेटी केली, तळाशी भुईमुगाची फोलं ठासून भरली, त्यावर पत्रा, पत्र्यावर काळे नळ, वर बसची काच. पिंपालाही पोत्यात फोलं भरून गुंडाळलं. पेटी चौथऱ्याच्या पायथ्याशी, दक्षिणेकडे तोंड करून तिरपी ठेवली. समोरच्या घरातले म्हातारे आबा काठी टेकत आले आणि म्हणाले, दक्षिणेला तोंड करून कोणी काही मांडत नाही.

"हिवायामा सूर्यच तिकडे जास, आबा," अक्का म्हणाल्या. "तं मी काय करू?"

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. म्हणजे नळ असे तापले की थुंकी टाकली तर चर्र वाजावं, आणि पिंपातलं पाणी मात्र विहिरीतल्यासारखं थंड. दुसऱ्या दिवशीही तेच. मी कागदावर आकृती काढून बघत होते आणि आकृती बरोबर दिसत होती.

तिसऱ्या दिवशी मला सुचलं, पाणी चालतंय की नाही ते बघता आलं पाहिजे. डॉक्टरांकडून सलाइनची वापरलेली नळी मागून आणली, उकळून घेतली, आणि वर जाणाऱ्या नळीच्या मध्ये तेवढा पारदर्शक तुकडा जोडला. पावसाळ्यात विहिरीत टाकायचं जांभळं औषध घरात होतंच. त्याचा एक कण पाण्यात सोडला. आम्ही दोघी डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात त्या नळीसमोर बसलो. जांभळा धागा हलला, जरासा वर सरकला आणि थांबला.

"थांबनं," अक्का म्हणाल्या.

"दिसतंय."

त्या जवळ सरकल्या. "आठे काय शे?"

तिथे एक हवेचा बुडबुडा होता. नळी पिंपाकडे जाताना मध्येच थोडी खाली झुकली होती, आणि झुकण्याच्या आधीच्या उंचवट्यात हवा अडकून बसली होती. पाण्याला चढायचं होतं, पण वाटेत हवेचं बूच होतं. माझ्या आकृतीत नळी सरळ रेघ होती, अंगणात ती सरळ नव्हती. आम्ही नळीखाली विटेचे तुकडे सारून तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत चढती केली. बुडबुडा डुबुक करून वर गेला.

मग जांभळा रंग निघाला. हळूहळू, पण न थांबता, पावसात बाहेर पडलेल्या गोगलगायीच्या चालीनं तो वर चढत पिंपात गेला. अक्कांनी पुन्हा एक कण सोडायला लावला. मग आणखी एक. शेवटी पुडी संपली.

"याले कोन ढकली ऱ्हायना?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा हलकं आणि जड सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "ते समजनं. तरी इचारस मी, कोन ढकली ऱ्हायना?"

खरं सांगायचं तर तो प्रश्न माझ्याही मनात तसाच होता. संध्याकाळी पिंपाची तोटी सोडली तेव्हा वाफा निघाल्या. नवऱ्यानं बादलीत हात घातला, पटकन काढला आणि म्हणाला, "बरं. मोटर विकू का?"

पिंपाच्या डोक्यावर एक उघडी नळी ठेवली होती, वाफ जायला. काही दिवसांनी बघते तर अक्कांनी तिच्यात चिंधी ठासलेली. पाल पडेल म्हणून. मी चुलीवर पातेलं ठेवलं, झाकण घट्ट लावलं, वर वरवंटा ठेवला. पाणी उकळलं तसा वरवंटा थरथरायला लागला. अक्कांनी बराच वेळ त्याकडे पाहिलं, मग बाहेर जाऊन चिंधी काढली आणि नळीच्या तोंडावर चहाची जुनी गाळणी उलटी बांधली. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, हा नियम त्यांचाच. पाहुणे आले की मोरीच्या दारात उभ्या राहून त्या सांगत, आणि ते पाणी फक्त अंगाला, प्यायला नाही, हेही.

त्या हिवाळ्यात पऱ्हाट्यांचा ढीग बराचसा तसाच राहिला. रात्रभर पाणी थोडं निवायचं, तरी पहाटे आंघोळीपुरतं गरम असायचं. ढगाळ दिवशी चूल पेटवावीच लागे. अक्कांचा खोकला पुरता गेला नाही, पण सकाळी बोलताना मध्ये थांबणं कमी झालं. सकाळचा तो मोकळा वेळ त्यांनी कशात घालवला म्हणाल तर हात लावून बघण्यात. पहाटे नळ गार आणि पिंप गरम का, दुपारी वरचा नळ खालच्यापेक्षा जास्त तापलेला का, असं काही ना काही घेऊन त्या माझ्याकडे यायच्या. काहींची उत्तरं मला येत होती. काहींसाठी मी माळ्यावरून कॉलेजची पुस्तकं काढली.

दोन हिवाळ्यांनी फोलं बदलायला पेटीचा तळ उघडावा लागला. फोलांत उंदरीनं घर केलं होतं, आत गुलाबी पिल्लं. ती भरून बाहेर टाकायला मी सूप आणायला वळले.

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "त्यासना डोया उघडू दे."

पेटी तशीच झाकून ठेवली. पिल्लं निघून जाईपर्यंत आम्ही चुलीवरच्या पाण्यानं आंघोळी केल्या.

त्यानंतर भडगावहून अक्कांची धाकटी बहीण आली. तिनं सगळं बघितलं आणि आपल्याकडेही बसवून द्या म्हणाली. आम्ही दोघी गेलो. तिच्या अंगणात मोठं कडुलिंबाचं झाड होतं. पेटी कुठे ठेवायची हे मी सांगणार, तोवर अक्कांनी घोंगडी टाकून ओट्यावर बैठक मारली होती. त्या दिवसभर सावली बघत बसल्या, सरकेल तसा जमिनीवर एकेक खडा ठेवत गेल्या. बहीण जेवायला बोलवून थकली.

"पानी रात्री उलटं खाले येस का वं?" तिनं विचारलं.

"पिप वर ठेवं तं येस नही," अक्का म्हणाल्या.

"का बरं?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा," मी म्हटलं. मग त्यांनी बहिणीला शेजारी बसवून घेतलं आणि वरवंटा, पातेलं, जांभळा धागा, हवेचा बुडबुडा असं पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.