पाटाच्या गाण्यातली दोन कडवी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या बायकांच्या गाण्यांचं पुस्तक काढायचं साताऱ्याच्या एका संस्थेनं ठरवलं आणि संपादक म्हणून आम्हा तिघांना बोलावलं. अध्यक्ष होते साताऱ्याचे एक निवृत्त प्राचार्य. दुसरे कोरेगावचे एक कार्यकर्ते, चळवळीत केस पिकलेले. तिसरी मी, सांगलीच्या कॉलेजात जन्मभर मराठी शिकवून घरी बसलेली. जात्यावरची, पाळण्याची, शेतात तण काढायच्या भांगलणीची गाणी आम्ही वर्षभर हसतखेळत निवडली. भांडण झालं ते एकाच गाण्यावरून, आणि ते गाणं मीच आणलं होतं.

कडेगावच्या पुढं एक गाव आहे, पाटाच्या अगदी शेपटाला. माझ्या नोकरीच्या उमेदीच्या वर्षांत वरच्या गावांचे ऊस डोक्याच्या वर जायचे आणि या गावात जनावरांना पाजायला पाणी नसायचं. एका उन्हाळ्यात गावच्या बायका चालत वर गेल्या आणि पाटाचं पाणी सोडायच्या दारावर बसल्या. ते दार कुणासाठी उघडायचं हे तिथल्या पुढाऱ्याच्या शब्दावर ठरतं, असं सगळे म्हणत. त्या पुढाऱ्याला साहेब म्हणत. मीही तेच म्हणते. बायका तीन दिवस बसल्या आणि त्यांच्यातल्या एकीनं बसल्या जागी गाणं रचलं. मी कॉलेजचा टेपरेकॉर्डर घेऊन तिथं गेले होते. गाणं असं सुरू होतं:

पाटाच्या गं दारावर बसलं कोण बाई
वरच्यांच्या उसाला पानी, खालच्यांना न्हाई

कडवी पाच. तिसऱ्यात साहेब येतात:

सायेब आमचा गोडबोल्या, गुळाची त्याची वानी
चावी त्याच्या खिशात, आमच्या डोळ्यांत पानी

आणि पाचव्यात साहेबांची बायको. त्यांना मूल नव्हतं.

सायबाच्या अंगनात तुळस हिरवी गार
पानी घाला कितीबी, वांझुटी ती नार

चौथ्या दिवशी पोलिसांनी बायकांना गाडीत घालून नेलं. पण त्या महिन्यात दार उघडलं, आणि गाणं गावोगाव गेलं. पुढच्या निवडणुकीत साहेबांच्या विरोधकांनी ते जीपवर भोंगा लावून वाजवलं. तेव्हापासून कुणी त्याला जनतेचं गाणं म्हणतं, कुणी साहेबांची बदनामी. साहेब आता नाहीत. त्यांच्या जागी त्यांचे एक पुतणे आहेत, आणि आमच्या पुस्तकाचं प्रकाशन त्यांच्याच हस्ते होणार होतं.

या गाण्यावरच्या पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी चष्मा पुसत पुसत सांगितलं, "गाणं उत्तम आहे. फक्त तिसरं कडवं गाळू. गेलेल्या माणसाविषयी कशाला?"

कार्यकर्ते उसळले. "तिसरं कडवं काढल्यावर राहिलं काय? मग ते पाटाचं वर्णन झालं!"

मी म्हणाले, "पाचही कडवी छापू. खाली टीप देऊ. कुणी, कुठं, कशासाठी म्हटलं, साहेबांची बाजू काय होती, पुढं ते कुणी वापरलं, सगळं."

"पाच?" कार्यकर्ते माझ्याकडं वळले. "पाचवं निवडणुकीत घुसडलेलं आहे, मॅडम. आमच्या बायका असलं म्हणणार नाहीत. तुमच्याच जुन्या लेखात चार कडवी आहेत. मी ते वाचूनच गाणं शिकलो."

लेख माझाच होता. टेपवर पाच कडवी होती आणि मी चार छापली होती. तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्या चांगल्या गाण्याला हा डाग कशाला? बायकांच्या लढ्याला माना डोलावणारे लोक हे कडवं वाचून नाकं मुरडतील. मी कुणाला विचारलं नाही, लेखात एक ओळही खुलासा केला नाही. पुढं वर्गात मुलींकडून म्हणून घेतलं तेही चारच कडवी.

मी हे दोघांना सांगितलं. मग अध्यक्ष हसले. "म्हणजे तुम्ही गाळलं की संपादन, आणि आम्ही गाळलं की पाप?"

मी ते वाक्य वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. ते तिथं अजूनही आहे.

रचणाऱ्या बाईलाच विचारावं असं ठरलं आणि मी सांगलीहून एसटीनं कडेगावला गेले, तिथून रिक्षानं गावात. आता त्या गावातही ऊस उभा आहे. गाणं रचणाऱ्या मावशी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. पाठीत वाकल्या होत्या, पण नजर तीच. त्यांचा मुलगा लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेला. तो खुर्ची आणून आमच्या मध्ये बसला.

"बाई, त्ये गानं आता नगं," तो म्हणाला. "आमाला आता पानी हाय. पुतन्यासायबांनी गावात तालीम बांधून दिलीय. आई, तू बोलू नगंस."

मावशी म्हणाल्या, "तू फौजंत हुतास रं तवा. दारावर मी बसले हुते. मला बोलू दे."

मी विचारलं, "मावशी, पाचवं कडवं तुमचंच का?"

"माजंच. दुसऱ्या कुनाचं आसनार?" त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "तिसऱ्या दिशी डोकं फिरलं हुतं. हांडाभर पान्यासाटी पोरं रडत हुती. तोंडाला आलं ते म्हनले. बाया हसल्या. मला लय बरं वाटलं. मग त्या जीपवाल्यांनी त्येच तेवढं कडवं उचललं. सायबाच्या बंगल्याफुडं थांबून थांबून वाजवलं. मी बाजारला गेलेली. मी बगितलं, बाई. ती माउली गच्चीवर कापडं वाळत घालत हुती. तिनं बादली तितंच ठिवली आन् आत गेली. तिनं कदी कुनाचं पानी अडीवलं हुतं?"

"मग ते गाळू का?"

"आवं, गाळून काय हुतंय? म्हनले ते म्हनले." आवाज चढला. "छापायचं तर समदं छापा. सायबाचं बी आन् माजं बी. माजं पाप झाकून त्याचं उगडं पाडू नगा, आन् त्याचं झाकून माजं बी नगं. जमत न्हाई तर गानंच टाकून द्या."

हवालदार म्हणाला, "निदान आईचं नाव तरी घालू नगा." मी कबूल केलं. मावशींनी मान डोलावली.

मी हे सगळं वहीत उतरवून साताऱ्याला गेले. मनात होतं, आता वाद मिटला. ज्या बाईनं गाणं रचलं, तिचा शब्द शेवटचा. कोण काय बोलणार?

दुसऱ्या बैठकीत टेबलावर कंदी पेढ्यांचा बॉक्स होता. अध्यक्षांच्या नातवाला कुठंतरी प्रवेश मिळाला होता. मी मावशींचं बोलणं शब्दाशब्दानं वाचून दाखवलं. कार्यकर्ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "फार मोठी बाई आहे." अध्यक्ष म्हणाले, "खरं आहे, फार मोठी." आणि दोघांनी एकेक पेढा उचलला.

मग अध्यक्षांनी हलकेच सुरुवात केली. पुतण्यांकडून निरोप आला होता. गाण्याला त्यांची हरकत नव्हती, फक्त चुलत्यांचा उल्लेख नको. कार्यकर्त्यांनी पेढा तोंडात घोळवत विचारलं, "आणि पाचवं?"

"पाचवं तर कुणालाच नको आहे."

"मग असं करू," कार्यकर्ते अध्यक्षांना म्हणाले. "तिसऱ्याचा आग्रह मी सोडतो. तुम्ही पुस्तकात कुठं पाचव्याचा विषयच काढू नका. प्रस्तावनेत चळवळीवर दोन पानं मी लिहितो."

"दोन नाही, दीड," अध्यक्ष म्हणाले. आणि दोघं हसले.

गुळाच्या ढेपेचा सौदा चालावा तसं चाललं होतं. वर्षानुवर्षं सभांमध्ये मूठ वळून "चावी त्याच्या खिशात" म्हणणारा हा माणूस दीड पानावर राजी झाला होता. मी म्हणाले, "ती बाई म्हणाली, जमत नसेल तर गाणंच टाका. निदान तेवढं तरी ऐका."

"अहो, गाणं टाकलं तर अन्याय होईल तिच्यावर," अध्यक्ष कळवळून म्हणाले. "आपण तिला न्याय देतोय."

पेढ्याचा बॉक्स माझ्यापुढं सरकला. तो मी तसाच मागं सारला. मी उठले आणि जिन्यात कठडा धरून उभी राहिले. खाली कुणीतरी मोटरसायकल पुसत होतं. मला त्यांची किळस आली होती हे खरं. पण असं गाळायची वाट मीच त्यांना दाखवली होती, हेही खरं. तोंडात आलेलं कडू पाणी थुंकायलाही मला जागा सापडेना.

संपादकांतून माझं नाव काढा असं मी पत्र दिलं. उत्तर आलं की मुखपृष्ठ छापून झालं आहे. पुस्तक निघालं. प्रकाशनाला मी गेले नाही. फोटो मोबाइलवर आले. पुतणे मधोमध, एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला कार्यकर्ते, गळ्यात सारखेच हार. पुस्तकात गाणं आहे. तीन कडव्यांचं, श्रमगीतांच्या विभागात, भांगलणीच्या गाण्यांच्या शेजारी. वर लिहिलंय, 'पाण्याला जाताना म्हणायचे गाणे.' ते वाचून मी पुस्तक कपाटावर फेकलं आणि हात धुतले. साबण लावून.

मग मी बसून लेख लिहिला. पाचही कडवी टेपवरून जशीच्या तशी उतरवली. साहेबांच्या वेळच्या, पाटाचं पाणी सोडणाऱ्या दोन पाटकऱ्यांना भेटले. त्यांतला एक म्हणाला, दार साहेबच ठरवत. दुसरा म्हणाला, साहेबांचंही वरच्या अधिकाऱ्यांपुढं चालत नव्हतं. दोन्ही छापलं. पाचवं कडवं मी पूर्वी का गाळलं तेही लिहिलं, कुठलीही सबब पुढं न करता. सांगलीच्या एका लहानशा त्रैमासिकानं तो लेख घेतला.

पहिला फोन कार्यकर्त्यांचा. "मॅडम, चळवळीच्या विरोधकांच्या हातात कोलीत दिलंत." दुसरा पुतण्यांच्या कुणा माणसाचा, नाव न सांगता, "या वयात हे धंदे शोभतात का?" दोघांचाही आवाज इतका एकसारखा होता की मला उलट उत्तर द्यावंसंही वाटलं नाही. मी फोन ठेवला आणि पुन्हा तीच कडवट चव.

तिसरा फोन आठवड्यानं आला. हवालदार होता. अंक मीच पाठवला होता. "आईला वाचून दाकीवला," तो म्हणाला. "ती बोलायची म्हनतीय."

मी खुर्चीत ताठ बसले.

"बाई, कडवी बराबर हायेत," मावशी म्हणाल्या. "माजं पाप बी नीट लिवलंय. पर एक ऱ्हायलं की वो."

"काय राहिलं?"

"वरच्या गावच्या बायांनी आमाला तीन दिस भाकरी आनून दिली. झुनका-भाकरी. आपल्या नवऱ्यांस्नी न सांगता, उसातनं वाट काढून यायच्या. आमी त्यांच्याच उसाला शिव्या देत हुतो आन् त्यांचीच भाकरी खात हुतो. ते कुटं हाय?"

मी म्हणाले, "मावशी, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत."

"तुमी इचारलं कवा?" त्या चिडून म्हणाल्या. "सायबाचं इचारलं, सायबाच्या बायकूचं इचारलं. आमी काय खाल्लं ते कुनी इचारलंच न्हाई."