धुरपदाबाईची मूठ

धुरपदाबाईला कुणी गरीब म्हटलं की तिचं डोकं फिरतं. हे सगळ्या शिंदखेड्याला ठाऊक होतं, फक्त चर्चच्या कमिटीला ठाऊक नव्हतं. कमिटीला तसं कुठलंच काही वेळेवर ठाऊक होत नाही.

बाई पासष्टीची. नवरा सुकदेव गवंडी होता, तो जाऊन बावीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. पत्र्याची एक खोली, दारात शेवग्याचं झाड, आणि एका व्यापाऱ्याकडे लाल मिरच्यांची देठं खुडायचं काम. संध्याकाळी हातांची अशी आग होते की चुकून बोट डोळ्याला लागलं तर बोंबच. पण "काय अक्का, कसं चाललंय?" असं विचारा, उत्तर ठरलेलं: "पुरस." पुरतं म्हणे! दोन लुगडी, एक घोंगडी आणि डब्यात दादर ज्वारीचं आठ दिवसांचं पीठ, एवढ्यावर हिचं भागतं. शेजारची दिपमाला एकदा म्हणाली, "अक्का, देवाजवळ जरा जास्त मागा ना. तो काय नाही म्हणतो का?"

"आजनी भाकर मांगी, तेनी दिधी," बाई म्हणाली. "सकायनी सकाय मांगसू."

उद्याचं उद्या! दिपमालाने कपाळावर हात मारून घेतला.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत एक जुनी चाल आहे. भाकरी थापायला पीठ काढलं की मळायच्या आधी प्रत्येक घरातली बाई एक मूठ पीठ बाजूला काढते आणि वेगळ्या डब्यात टाकते. ती मूठ देवाची. रविवारी उपासनेच्या वेळी सेक्रेटरी एकेक नाव वाचतो, आणि ती ती बाई पुढे जाऊन आपलं पीठ वेदीसमोरच्या मोठ्या पातेल्यात ओतते. मग ज्याच्या घरचा डबा रिकामा असेल त्याने संध्याकाळी मागच्या दाराने यावं आणि हवं तेवढं न्यावं. कोणी विचारत नाही, नेणाराही मान वर करत नाही.

धुरपदाबाईने ती मूठ कधी चुकवली नव्हती. सुकदेवला मातीत ठेवून आली त्या आठवड्यातही नाही. नाव वाचलं की ती डोक्यावरचा पदर नीट करायची आणि पुढे जायची. मास्तरीण, कंपाउंडरची बायको आणि मिरच्या खुडणारी धुरपदा, तिथे सगळ्या एका रांगेत.

नवा सेक्रेटरी किरण. पोरगा मनाने लोण्यासारखा, पण यादी म्हटली की त्याला भान राहत नाही. पुण्याच्या एका संस्थेने विधवांसाठी किट पाठवायचं कबूल केलं: पीठ, तेल, साखर, डाळ. किट हातात घेतल्याचा फोटो मात्र पाठवायचा. किरणने न विचारताच पहिलं नाव धुरपदाबाईचं घातलं. आणि घेणारी बाई देणाऱ्यांच्या यादीत कशी असेल, म्हणून तिकडचं नाव खोडून टाकलं. म्हातारीच्या डोक्यावरचा भार कमी केला, असं त्याला मनापासून वाटलं. चांगली माणसं अपमान करतात तो असाच, अगदी प्रेमाने.

रविवारी नावं वाचली गेली. दिपमाला झाली, तिच्यानंतर नेहमी धुरपदाबाई. बाई पिशवी घेऊन अर्धी उठलीसुद्धा. किरणने पुढचंच नाव वाचलं.

"किरणभाऊ, मनं नाव?"

"अक्का, तुम्हाला आता द्यायची गरज नाही. तुम्ही लाभार्थी आहात."

"काय शे मी?"

"लाभार्थी. तुम्हाला किट मिळणार. फक्त एक फोटो काढू."

बाई तरातरा पुढे गेली, पिशवी पातेल्यात उलटी केली आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाली, "जवय मी मरसू तवय मनं नाव काढजो."

दोन दिवसांनी किरण किट घेऊन दारात आला. बाईने त्याला पाणी दिलं, किटला हात लावला नाही. "माले कमी शे, हाई तुले कोनी सांगं?" एवढंच विचारलं. किट परत गेलं.

"केवढा माज!" लोक म्हणाले. गरिबाने मान खाली घालून घ्यावं आणि वर हसून फोटो द्यावा, अशी लोकांची अपेक्षा असते. बाई मात्र आत जाऊन रडली. रागाने रडली. देवाच्या घरात चारचौघींसारखं उभं राहायची तिची एकच जागा होती, आणि ती कुणीतरी पेनाच्या एका रेघेने काढून घेतली होती. पुढचे तीन रविवार तिचं नाव वाचलं गेलं नाही. तिन्ही रविवारी ती न बोलावता उठली आणि पीठ ओतून आली.

आणि मग नळावर पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर, काम बंद.

दिपमाला भाकरी आणून द्यायची, पण तिचंच घर सहा जणांचं. किरण पुन्हा आला. "अक्का, आता तरी हट्ट सोडा. फोटोशिवाय किट देता येत नाही हो, त्यांचा नियम आहे." बाईने नाही म्हणून मान हलवली. तो गेल्यावर तिने पिठाचा डबा उघडला. तळ दिसत होता. तेव्हा मात्र ती घाबरली, खरंच घाबरली. आपण एवढं तोंड वर करून बोललो, तो विश्वास होता की नुसताच तोरा? किती तरी वेळ ती झाकण हातात घेऊन बसली आणि देवाशी भांडावं तशी प्रार्थना करत राहिली.

"संध्याकाळी मागच्या दाराने मी तुमच्यासाठी पीठ आणते," दिपमाला हळूच म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

रविवार आला. नावं वाचून चालली होती, तेवढ्यात ती उठली. रिकामी पिशवी डाव्या हातात. पातेल्यापाशी जाऊन उभी राहिली.

"आज मना डबा खाली शे. मी लेवाले उभी शे."

किरण कानापर्यंत लाल झाला. "अक्का, न्यायचं तर संध्याकाळी... मागच्या दाराने..."

"मांगला दारतून कसाले? चोरी शे का?"

"मग किट का नाकारलंत?" आता तोही जरा चिडला. "तेही देवानेच पाठवलं होतं ना?"

"व्हई. देवनीच धाडं व्हई," बाई म्हणाली. "पन तठे मी फक्त लेनारी. आठे मी देस बी नि लेस बी."

चर्चचे पाळकसाहेब काहीतरी बोलायला उठले आणि परत बसले. दिपमाला पुढे आली, तिने पिशवीचं तोंड धरलं आणि वाटीने पीठ भरू लागली. आठ दिवसांचं झालं असेल-नसेल, बाईने तिचा हात धरला.

"अक्का, अजून आहे की. घ्या ना."

"बस. इतलं पुरस."

पिशवी दिपमालाच्याच हातात होती. बाईने डावा हात आत घातला. त्या हाताला सवय नव्हती, अर्धं पीठ बोटांतून सांडलं, लुगड्यावर पडलं. उरलेली मूठ तिने पातेल्यावर नेली आणि उघडली. मग किरणकडे वळली.

"आते मनं नाव वाच."

किरणने वहीत पाहिलं. तिथे नाव नव्हतं, त्याने स्वतः मारलेली रेघ होती. त्याने खिशातलं पेन काढलं, पण लिहायला थांबला नाही. मान वर करून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं त्याने वाचलं, "धुरपदाबाई सुकदेव."