जोडपं पाहिजे

खंडाळ्याच्या बंगल्यांवर रखवालीला एकटा माणूस ठेवत नाहीत, जोडपं ठेवतात. फाटक, पंप, जनरेटर नवऱ्याने बघायचं. झाडलोट, स्वयंपाक, भांडी बायकोने. दोघांत मिळून एक पगार आणि राहायला बंगल्यामागची एक खोली. सविता आणि कैलास तिकोणा पेठ या गावाहून असेच जोडीने आले, तेव्हा राजेश्वरी आईच्या कडेवर होती.

मालक मुंबईचे, ते क्वचितच यायचे. सगळा कारभार मॅनेजर माऊलीभाऊंकडे. शनिवार-रविवारी बंगला भाड्याने जायचा. त्या पाहुण्यांना इथे सगळे पार्टी म्हणतात. पार्टी असली की राजेश्वरीने खोलीतून बाहेर यायचं नाही आणि आवाज करायचा नाही, ही शिस्त तिला अक्षरं येण्याआधी लागली.

पण तिला भीती शनिवार-रविवारची नव्हती, सोमवारची होती. पार्टी गेली की बाटल्यांच्या तळाशी उरलेलं सगळं कैलासचं. गावी होता तोवर तो दारूला शिवला नव्हता, आणि इथेही त्याने ती कधी विकत घेतली नाही. फुकट समोर आलेली टाकवली नाही, एवढंच. सोमवारी दुपारी तो बसायचा आणि संध्याकाळी त्याचा हात सुटायचा. त्या दिवशी राजेश्वरी शाळेतून सरळ घरी येत नसे. शेजारच्या बंगल्यावर येसूबाई आणि तिचा नवरा राखणीला होते, त्यांच्या पायरीवर वह्या उघडून बसायची. येसूबाई काही विचारायची नाही. भाकरी पुढे सारायची आणि म्हणायची, "खा गं. सोमवार हाय आज."

आठवीत असताना राजेश्वरीने एकदा बाप उठायच्या आत सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. त्या दिवशी तिचं मनगट मोडलं. दवाखान्यात सविताने सांगितलं, पोरगी घसरून पडली. प्लास्टर झाल्यावर तिथल्या समाजसेविका, स्नेहल मॅडम, सविताला बाजूला घेऊन बसल्या. "कुठं घसरली?" एवढंच त्यांनी विचारलं आणि थांबून राहिल्या. सविता पदराशी खेळत राहिली, मग बोलायला लागली ती थांबेचना. मॅडमनी कैलासला सुधारलं नाही. तो दोनदा कबूल करूनही त्यांच्याकडे गेलाच नाही. पण राजेश्वरीला त्यांनी मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली. तिथे सोमवार इतर वारांसारखाच असतो हे कळायला तिला बरेच दिवस लागले. मोठी होऊन काय व्हायचं, हे मात्र त्या दवाखान्याच्या बाकावरच ठरलं होतं.

ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना कैलास काविळीने गेला. माऊलीभाऊ दहाव्याला आले आणि जाताना बोलले, "शेठला जोडपं लागतं, सविताताई. पण पोरगी परत येऊन हाताखाली राहत असेल तर चालवून घेतो." राजेश्वरी वसतिगृह सोडून आली. सकाळी लोणावळ्यात बी.ए.चे तास, उरलेल्या वेळात पंप, फाटक आणि जनरेटर. बापाचं काम तिच्याकडे आलं.

बी.ए. झाल्यावर पुण्यात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं पुढचं शिक्षण, करण्यासाठी तिने प्रवेश परीक्षा दिली. मुलाखतीचं बोलावणं आलं, त्याच आठवड्यात येसूबाईला महिन्याभरात खोली सोडायला सांगितलं गेलं. तिचा नवरा उन्हाळ्यात गेला होता आणि तिथल्या मालकांनी नवं जोडपं शोधलं होतं. सामान भरायला येसूबाईने ट्रंक अंगणात काढून ठेवली होती. राजेश्वरी त्या ट्रंकेकडे बघत राहिली. आपण पुण्याला गेलो की आईची ट्रंक अशीच बाहेर येणार.

मुलाखत सोमवारी होती. टेबलामागे तिघं बसली होती आणि पुढ्यात चहाचे रिकामे कप. मधल्या बाईंनी विचारलं, "समाजकार्यच का?" पाठ केलेलं उत्तर राजेश्वरीला आठवेना. हात मात्र कामाला लागले. तिने कप गोळा केले, बश्या एकात एक घातल्या आणि उभी राहिली.

"अगं, राहू दे. शिपाई नेतील."

"सॉरी मॅडम. सवय आहे. पार्टी गेली की सोमवारी हेच काम असतं."

"कसली पार्टी?"

कप हातात धरूनच तिने सांगायला सुरुवात केली. बाटल्यांचं, पायरीवरच्या भाकरीचं, मनगटाचं. बाईंनी शेवटी विचारलं, "तू इथे आलीस तर आई कुठे राहील?"

"ते मला माहीत नाही," राजेश्वरी म्हणाली.

आठवड्याने निवड झाल्याचं कळलं. तिने स्नेहल मॅडमना कळवलं. आईला मात्र सांगितलं, "नाही झालं."

सविताने मान हलवली आणि तांदूळ निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी राजेश्वरी पंप बंद करून आली तर आई दारातच उभी.

"न्हाई झालं म्हनलीस ना? मग स्नेहल मॅडम फोनवर पेढे कशाचे मागत्यात?"

राजेश्वरी ओले हात ओढणीला पुसू लागली.

"माज्याशी खोटं बोलतीस? मी दवाखान्यात खोटं बोलले ते किती टिकलं, इसरलीस?"

"आई, मी गेले तर खोली जाईल. येसूबाईचं बघितलंस ना?"

"बगितलं. तिचंच बगायला चाललेय." सविताने चपला घातल्या आणि ती शेजारच्या बंगल्याकडे चालू लागली.

शुक्रवारी माऊलीभाऊ पार्टीची तयारी बघायला आले, तेव्हा फाटक येसूबाईने अर्धंच उघडलं.

"तुम्ही इथं कशा?"

"भाऊ, तुमाला जोडपं पायजे ना?" आतून सविता म्हणाली. "हे घ्या. पोरगी पुन्याला शिकाया चालली. आजपासनं मी आन् येसूबाय."

"चेष्टा करता का, ताई? दोन बायका म्हंजे जोडपं व्हय? जनरेटर कोण चालू करणार?"

"मीच की," येसूबाई म्हणाली. "आमचं धनी असताना तरी कोन करायचं? ते झोपल्यालं आसायचं."

"आणि रात्री कुणी फाटकावर आलं तर?"

"आता तुमी आलाव, तर घेतलं का इचारल्याबगर आत?"

माऊलीभाऊ अजून फाटकाबाहेरच उभे होते. त्यांना हसू आवरेना. त्यांनी तिथूनच शेठना फोन लावला, चार पावलं लांब जाऊन बोलले आणि परत आले. "महिनाभर बघतो म्हणाले. पार्टीची तक्रार आली तर मी जबाबदार नाही."

"चहा घ्या," सविता म्हणाली.

राजेश्वरी पुण्याला गेली. पहिल्याच सोमवारी संध्याकाळी होस्टेलच्या जिन्यात उभं राहून तिने फोन लावला. महिना संपायला अजून वेळ होता.

"पार्टी कशी होती? काही बोलली का?"

"पार्टी गेली सकाळी. जोरात बोल, पंप चालू हाय."

"आणि बाटल्या?"

"येसूबाय मोरीत वततीय. वास लय सुटलाय बग." पलीकडून येसूबाई काहीतरी ओरडली आणि सविता हसली. "ती इचारतीय, भाकरी मिळती का तितं?"

"मिळते."

"मग जा, खा. सोमवार हाय आज."