शिवणवाल्या मावशींची हरकत

शिवणवाल्या मावशींचं दुकान म्हणजे जेमतेम एक खोली. दाराशी यंत्र, मागे पडदा, पडद्याआड आरसा. त्या पडद्याआड माणसं माप द्यायला उभी राहतात आणि नको ते बोलून जातात, हे मावशींना तीस वर्षांत चांगलंच कळलं होतं. कोणाची कंबर का वाढली, कोणाचा कोट अचानक का सैल झाला, याचा पत्ता त्यांना घरच्यांआधी लागे. पण तोंडात टाचण्या धरून काम करायच्या सवयीमुळे असेल, तोंडून अवाक्षर बाहेर पडत नसे. गल्लीत त्यांना जो मान होता तो शिवणाइतकाच या गप्प बसण्याचा होता.

मावशी जन्मानं प्रेस्बिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती. त्यांची जुनी मंडळी, म्हणजे चर्च, दोन बस बदलून जावं लागेल इतकी लांब. त्यामुळे दुकानाच्याच वर, बंद पडलेल्या नृत्याच्या वर्गात, नवी मंडळी सुरू होणार म्हटल्यावर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. उपासना चालवणारा एक तरुण पाळक, अकरा माणसं आणि मूळ मंडळीनं दिलेल्या चाळीस खुर्च्या, एवढाच संसार. पाळक भला माणूस, पण गल्लीत त्याला कुत्रं विचारत नव्हतं. त्यानं दार वाजवलं की लोक आतूनच "काही नको" म्हणत, तो काय घेऊन आलाय हे न बघता.

शेवटी मावशींनीच पदर खोचला. दर बुधवारी दुपारी यंत्रावर कापड टाकून त्या त्याच्याबरोबर निघत. मावशी दिसल्या की दारं उघडत. परतल्यावर पाळक विचारी, "मावशी, या घरासाठी काय प्रार्थना करू?" आता देवाला मागायचं तर नेमकं सांगायला नको? मावशी सांगत. तो वहीत टिपून घेई, डोळे मिटी आणि खरोखर मनापासून प्रार्थना करी. गोष्ट आपल्या पोटातून थेट देवाच्या कानात गेली, असं मावशींना वाटे. वहीचा विचार त्यांच्या मनात कधी आलाच नाही.

वर्ष झालं. वर्धापनदिनाला मूळ मंडळीचे पाहुणे आले आणि मावशींच्या शब्दाखातर गल्लीही लोटली. खुर्च्या पुरल्या नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक गुळगुळीत पुस्तिका पडली. चौथ्या पानावर मथळा होता, 'आपले शेजारी, त्यांची दुःखं'. नाव एकाचंही नाही. फक्त लिहिलेलं, की एक चावीवाला बायको सोडून गेल्यापासून भरदुपारी शटर अर्धं ओढून रडत बसतो. एक परिचारिका तुरुंगातला मुलगा परदेशी आहे असं सांगते. गल्लीत चावीवाला एकच, परिचारिका एकच. नाव न छापून झाकलं काय, कपाळ? कोणी आरडाओरडा केला नाही. पाहुण्यांच्या टाळ्या चालू असतानाच मागच्या रांगा रिकाम्या होत गेल्या.

मावशींनी पाळकाला जिन्यातच गाठलं. "हे काय करून बसलात?"

"मी कोणाचं नाव नाही घातलं, मावशी," तो गोंधळून म्हणाला. "आणखी शंभर माणसं त्यांच्यासाठी प्रार्थना करतील, एवढंच मनात होतं."

तो खरंच बोलत होता, आणि त्याचाच मावशींना जास्त संताप आला. एखाद्या लबाडानं गळा कापला असता तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी त्या चावीवाल्याकडे गेल्या. तो कानशीनं किल्ली घासत होता, तो घासतच राहिला.

"चुकले रे," मावशी म्हणाल्या.

"बायको गेली हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, मावशी. मी रडतो हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं." किल्लीवरचा कीस फुंकून तो म्हणाला, "माझी पँट तशीच परत द्या. शिवू नका."

परिचारिका तर मावशी दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. मावशींचा विश्वासघात झाला होता आणि गल्लीचा विश्वासघात मावशींनीच केला होता. दोन्ही खरं होतं, त्यामुळे रडायला जावं तरी कोणाकडे, हेच त्यांना कळेना.

तशात मंडळीनं त्यांना वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, म्हणून निवडलं. प्रेस्बिटेरियनांत कारभार अशा निवडून दिलेल्या वडिलांच्या हाती असतो, आणि मान दिला की जखम भरेल अशी पाळकाची भाबडी समजूत. दीक्षेआधी नाव उपासनेत वाचून दाखवतात. त्या रविवारी चाळीसांतल्या बाराच खुर्च्या भरल्या होत्या. पाळकानं नाव वाचलं आणि विचारलं, "यांच्या वागणुकीबद्दल कोणाची हरकत असेल तर आता सांगावी." हे नुसतं रीत म्हणून विचारतात, उत्तरासाठी कोणी थांबत नाही.

मावशी उभ्या राहिल्या. "आहे हरकत."

"मावशी, स्वतःच्याच नावाला?"

"गल्लीची हरकत आहे. गल्ली आता इथे येत नाही, म्हणून मी सांगते. जिच्या पोटात गोष्ट राहत नाही तिला वडील करू नका."

पाळकाचा चेहरा उतरला. पण हरकत आली की ती नोंदवावीच लागते. त्यानं वही उघडली आणि अगदी हळू विचारलं, "कारण काय लिहू?"

"लिहायला कशाला हवं, साहेब? तुम्ही ते छापून वाटलंय," मावशी म्हणाल्या, आणि पिशवी उचलून जिना उतरू लागल्या.